वाचकांचे प्रश्न : सहा जून, पण कोणत्या पंचांगातला?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या परिपाठात रोज दिनविशेष वाचला जातो आणि त्यासाठी मी दर उन्हाळी सुट्टीत एक वही नव्याने लिहून काढतो. यंदा शिवराज्याभिषेकापाशी अडलो. वहीत ‘६ जून १६७४’ असे आहे. एका सहकाऱ्यांच्या मते खरी तारीख १६ जून आहे. आणि तिथीप्रमाणे रायगडावर होणारा सोहळा दर वर्षी निराळ्याच तारखेला येतो. मुलांना नेमके काय सांगावे?

उत्तर : आपली वही बरोबर आहे आणि आपल्या सहकाऱ्यांचे गणितही बरोबर आहे, कारण ६ जून आणि १६ जून ही एकाच शनिवारची दोन नावे आहेत. ती दोन का झाली, हे मुलांना समजावून सांगण्यासारखे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

युरोपात ज्युलियस सीझरच्या काळापासून चालत आलेल्या गणनेत वर्ष ३६५ पूर्णांक एक चतुर्थांश दिवसांचे धरलेले होते. ऋतूंचे वर्ष त्याहून सुमारे अकरा मिनिटांनी लहान असते. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण शतकांमागून शतके ती साचत गेली आणि सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, आपल्या ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस आधीच येऊ लागला. ईस्टरचा सण या संपातावरून ठरत असल्यामुळे पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये सुधारणा केली : त्या वर्षी गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतरचा शुक्रवार हा ५ न मानता १५ ऑक्टोबर मानण्यात आला. स्पेन आणि पोर्तुगाल यांनी ही नवी गणना ताबडतोब स्वीकारली. इंग्लंड मात्र पोपची सत्ता मानत नव्हते, त्यामुळे त्याने ती तब्बल १७० वर्षे नाकारली आणि १७५२ मध्ये, म्हणजे बुधवार, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार, १४ सप्टेंबर मानून, एकदाची स्वीकारली. शिवछत्रपतींच्या काळात सुरतेचे आणि मुंबईचे इंग्रज जुन्याच गणनेने तारखा लिहीत होते. पुढे आपल्याकडे इंग्रजी अंमल आला आणि मराठ्यांच्या इतिहासाचे लेखनही त्याच कागदपत्रांच्या आधाराने झाले, म्हणून १७५२ पूर्वीच्या आपल्या बहुतेक परिचित तारखा जुन्या गणनेतल्या आहेत. ६ जून १६७४ ही त्यांपैकीच एक.

राज्याभिषेकाच्या बाबतीत आपले भाग्य असे, की दोन पूर्णपणे स्वतंत्र साक्षी आपल्या हाती आहेत. पहिली जेधे शकावलीची. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली ही कालानुक्रमे केलेली नोंदवही लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणली. तीत शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार अशी नोंद असून ‘तीन घटिका रात्र उरली तेव्हा’ राजे सिंहासनी बसले, असे म्हटले आहे. दुसरी साक्ष हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाची, म्हणजे दूताची. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराच्या सवलती मिळवण्यासाठी तो त्या वेळी रायगडी आला होता. ६ जून रोजी सकाळी सात-आठच्या सुमारास आपण दरबारात गेलो तेव्हा राजे भव्य सिंहासनावर बसलेले होते, असे तो लिहितो. इंग्रजांनी दुरूनच मुजरा केला, त्यांचा दुभाषी नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली, तेव्हा महाराजांचे लक्ष गेले आणि त्यांनी या मंडळींना थेट सिंहासनाच्या पायरीपर्यंत बोलावून घेतले.

आता एकाने शुक्रवार लिहिला आणि दुसऱ्याची तारीख शनिवारची आहे, म्हणून एक साक्ष खोटी ठरते का? मुळीच नाही. आपल्या पंचांगात दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. इंग्रजांचा मध्यरात्रीपासून सुरू होतो. घटिका चोवीस मिनिटांची, म्हणजे तीन घटिका रात्र उरली तो क्षण सूर्योदयापूर्वी सुमारे सव्वा तासाचा. शकावलीकाराच्या लेखी सूर्य उगवला नव्हता, म्हणून शुक्रवार सरला नव्हता. ऑक्झिंडेनच्या लेखी मध्यरात्र उलटली होती, म्हणून शनिवार लागला होता. शुक्रवारच्या सूर्योदयाला असलेली द्वादशी त्याच दिवशी दुपारी संपून त्रयोदशी लागलेली होती. त्यामुळे प्रत्यक्ष सिंहासनारोहणाच्या वेळी तिथी त्रयोदशीच चालू होती आणि आपण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस सोहळा करतो ते यथायोग्यच आहे. पहाटे राजे सिंहासनी बसले आणि सकाळी आलेल्या परक्या वकिलाने त्यांना तेथे बसलेले पाहिले : दोन भाषांतल्या, दोन गणनांतल्या, परस्परांची गंधवार्ता नसलेल्या या नोंदी इतक्या नेमक्या जुळतात, की त्या शेजारी ठेवून वाचताना आजही मला भरून येते.

मग १६ जून लिहावे का? माझे स्पष्ट मत असे, की वहीत ६ जूनच ठेवावा. एक तारीख नव्या गणनेत बदलली आणि तिच्या शेजारच्या तारखा तशाच राहिल्या, तर इतिहास विस्कटतो. जिजाऊसाहेबांचे पाचाडला निधन झाले ते ज्येष्ठ वद्य नवमीस. पुस्तकांत ती तारीख १७ जून १६७४ अशी असते आणि तीही जुन्याच गणनेतली आहे. राज्याभिषेक १६ जूनला नेऊन निधन १७ जूनलाच ठेवले, तर पुत्राचे छत्र-सिंहासन पाहून माउलीने दुसऱ्याच दिवशी देह ठेवला असा अर्थ निघेल. प्रत्यक्षात मध्ये अकरा दिवस गेले होते. त्रयोदशी ते वद्य नवमी असे बोटावर मोजले तरी ते अकराच भरतात. सोळा जून लिहायचाच असेल, तर त्या काळातील प्रत्येक तारीख बदलावी लागेल. १६३० चा १९ फेब्रुवारीदेखील मग १ मार्च होईल.

नव्या गणनेचा उपयोग नाही असे मात्र नाही. त्या दिवशीचा ऋतू जाणून घ्यायचा असेल, तर १६ जूनच विचारात घ्यावा लागतो. मृग नक्षत्र लागून गेले होते आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याचे दिवस आले होते, हे ‘सहा जून’ या अंकावरून नीट कळत नाही. चित्रात राज्याभिषेकावरचे आकाश कसे रंगवावे, असे एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला ढग काढायला सांगावे.

तिथीविषयी थोडक्यात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून तिथी दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. २०२३ मध्ये ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी २ जूनला आली होती आणि त्या वर्षी रायगडावर २ आणि ६ जून असे दोन्ही दिवस सोहळे झाले. राज्य शासन ६ जून हा दिवस ‘शिवस्वराज्य दिन’ म्हणून पाळते. ज्या समाजाच्या घरात भिंतीवरच्या एकाच कालनिर्णयावर तारीख आणि तिथी शेजारी छापलेल्या असतात, त्याने हे दोन्ही दिवस मनापासून पाळावेत. त्यांत भांडण लावण्याचे काहीच कारण नाही. वहीत एवढी ओळ लिहा : ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, शनिवार, ६ जून १६७४ (जुनी गणना), सूर्योदयापूर्वी.

प्रश्न : वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला तो दिवस काही पुस्तकांत ५ मे १७३९, काहींत १६ मे १७३९ दिला आहे आणि १२ मे व २३ मे याही तारखा वाचनात येतात. आम्ही वसईकर मंडळी दर वर्षी या दिवसाचे स्मरण करतो. चार तारखांपैकी एक कशी निवडावी? (वसई)

उत्तर : या चार तारखा म्हणजे दोन घटना आहेत. चिमाजीअप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी शरणागतीच्या कलमांवर सही केली, ती पोर्तुगीजांच्या नव्या गणनेप्रमाणे १६ मे आणि इंग्रजांच्या जुन्या गणनेप्रमाणे ५ मे. त्यानंतर आठवडाभराने पोर्तुगीज किल्ला सोडून गेले, ती तारीख २३ मे किंवा १२ मे. दोन्ही जोड्यांत अंतर अकरा दिवसांचेच आहे, ते आपण ताडून पाहावे. राज्याभिषेकाच्या वेळी हे अंतर दहा दिवसांचे होते. १७०० हे वर्ष जुन्या गणनेत लीप वर्ष होते आणि नव्या गणनेत नव्हते, म्हणून अठराव्या शतकात ते अकरा झाले.

वसईच्या बाबतीत नवी गणना बाजूला सारून चालणार नाही, असे मला वाटते. तहाचा कागद ज्या पक्षाने सही करून दिला, त्याची तारीख १६ मे हीच होती. शिवाय हा प्रश्न आपल्याच भागातल्या लोकांनी एके काळी रोज अनुभवलेला आहे. साष्टी बेट मराठ्यांनी १७३७ मध्ये घेईपर्यंत वांद्रे पोर्तुगीजांकडे होते आणि खाडीपलीकडचे माहीम इंग्रजांकडे. होडीत बसून खाडी ओलांडणारा माणूस घटकाभरात अकरा दिवस मागे किंवा पुढे जात असे! आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘१६ मे १७३९ (जुन्या गणनेने ५ मे)’ असे छापावे, म्हणजे कोणतेही पुस्तक हाती असलेल्या श्रोत्याचा गोंधळ होणार नाही.

प्रश्न : रशियातील ‘ऑक्टोबर क्रांती’चा वर्धापनदिन नोव्हेंबरात का येतो? (इयत्ता नववीतील विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : वरच्याच कारणाने. रशियाने जुनी गणना १९१८ पर्यंत सोडली नव्हती आणि तोवर अंतर तेरा दिवसांचे झाले होते, म्हणून २५ ऑक्टोबर १९१७ हा दिवस युरोपातील बहुतेक देशांत ७ नोव्हेंबर होता. तेथे १९१८ मध्ये ३१ जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी १४ फेब्रुवारी मानण्यात आला.

प्रश्न : गेल्या जानेवारीत पानिपतला काला आम येथील स्मारकावर गेलो होतो. तेथे भेटलेल्या एका मराठी गृहस्थांनी सांगितले, की १४ जानेवारी १७६१ रोजी मकरसंक्रांत होती, सणाच्या दिवशी मराठे उपाशीपोटी रणात उतरले आणि ‘संक्रांत कोसळली’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून मराठीत आला. हे ऐकून मन हेलावले. यात तथ्य किती? (नवी दिल्ली)

उत्तर : आपल्या मनाला जे वाटले ते खरेच आहे, पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. तिसरे पानिपत झाले ते बुधवार, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ रोजी. इंग्रजांनी १७५२ मध्येच नवी गणना स्वीकारलेली असल्यामुळे १४ जानेवारी ही तारीख नव्या गणनेतलीच आहे आणि तीत अकरा दिवस मिळवण्याची गरज नाही.

संक्रांत मात्र इसवी तारखेला बांधलेली नाही. सूर्य निरयन मकर राशीत प्रवेश करतो तो क्षण ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि हे नाक्षत्र वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा थोडे मोठे असल्यामुळे संक्रांत साधारण साठ-सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. याचा सहज पडताळा घेता येतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, हे प्रसिद्ध आहे. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले, तर १७६१ ची संक्रांत ९-१० जानेवारीच्या सुमारास येते, म्हणजे लढाईच्या चार-पाच दिवस आधी. १४ जानेवारी आणि संक्रांत हे समीकरण आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत पक्के झाले. अलीकडे अनेकदा ती १५ तारखेला येते, हे आपण पाहतोच.

शब्दप्रयोगाचा उगमही पानिपतात शोधू नये. संक्रांत ही एखाद्या वाहनावर बसून येते, जिकडे पाहते तिकडे अरिष्ट येते, अशी तिची वर्णने पंचांगांत पूर्वापार असतात आणि ‘संक्रांत येणे’ याचा अशुभ अर्थ त्यातूनच आलेला आहे.

उपासमार मात्र शंभर टक्के खरी आणि तिचे कारण सणात नाही, रसदेत आहे. अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या प्रदेशातून, अब्दालीची रसद तोडण्याचे आणि आपल्या छावणीला पैसा-धान्य पुरवण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. डिसेंबर १७६० मध्ये ते मारले गेले आणि पानिपतच्या छावणीत माणसांचे व जनावरांचे हाल सुरू झाले. महिनाभर उपासमार सोसल्यावर, छावणीत कुजून मरण्यापेक्षा लढून वाट काढावी असा निश्चय करून सदाशिवरावभाऊंची फौज त्या बुधवारी सकाळी बाहेर पडली. या माणसांच्या धैर्याला सणाच्या योगायोगाचा आधार लागत नाही. उलट, संक्रांतीची कथा पुढे केली की गोविंदपंतांचे जाणे आणि तुटलेली रसद ही खरी गोष्ट मागे पडते, याचे मला फार वाईट वाटते.

हरियाणातील रोड मराठा समाज १४ जानेवारीला काला आम येथे शौर्य दिन पाळतो. त्यांनी इसवी तारीख धरली आहे आणि ती पूर्णपणे ग्राह्य आहे. आपल्याला मूळ कागद पाहण्याची कधी संधी मिळाली, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पेशवाईतील मोडी पत्रांवर पुष्कळदा इसवी तारीख नसते आणि तिथीही नसते. तेथे ‘छ’ या अक्षरापुढे, म्हणजे ‘चंद्र’ या शब्दाच्या संक्षेपापुढे, मुसलमानी महिन्याचा दिवस असतो आणि वर्ष शुहूर सनाचे असते. हा सन सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होतो, म्हणून शेतीच्या हिशेबाला तो सोयीचा होता. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. पानिपताचे शुहूर वर्ष ११६१ आहे. संशोधक अशा पत्राची तारीख जंत्रीवरून, म्हणजे निरनिराळ्या गणनांच्या तारखा शेजारी देणाऱ्या कोष्टकावरून, काढतात आणि शेवटी वार जुळतो का ते पाहतात, कारण पोपने दहा दिवस गाळले, इंग्लंडने अकरा गाळले, तरी सोमवारनंतर मंगळवार हा क्रम कोणीही तोडलेला नाही.

प्रश्न : १ ऑगस्ट १९२० या एकाच दिवशी लोकमान्य टिळकांचे निधन, अण्णा भाऊ साठे यांचा जन्म आणि असहकार चळवळीचा आरंभ, हे तिन्ही झाले का? आमच्या वाचनालयाच्या फलकावर मी तसे लिहिले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी टिळक ३१ जुलैला गेले असे सांगून आक्षेप घेतला. (इस्लामपूर)

उत्तर : फलक पुसू नये, तिन्ही नोंदी बरोबर आहेत. लोकमान्यांनी मुंबईत सरदारगृहात अखेरचा श्वास घेतला तो मध्यरात्र उलटून गेल्यावर, साडेबारा वाजून गेल्यानंतर. घड्याळाच्या हिशेबाने १ ऑगस्ट, रविवार लागला होता. सूर्योदयाच्या हिशेबाने शनिवारची रात्र अजून सरायची होती. आपल्या सभासदांच्या घरी ती आठवण ‘शनिवारी रात्री’ अशी सांगितली गेली असेल, तर तीही प्रामाणिकच आहे. राज्याभिषेकाच्या वेळी जेधे शकावली आणि ऑक्झिंडेन यांच्यात जो फरक दिसला, तोच हा फरक.

असहकाराविषयी मात्र एक काळजी घ्यावी. लोकमान्य गेले म्हणून चळवळ सुरू झाली, असे वाक्य काही ठिकाणी आढळते आणि ते चुकीचे आहे. १ ऑगस्ट हा दिवस गांधीजींनी आधीच जाहीर केलेला होता. कैसर-ए-हिंद हे पदक सरकारला परत करण्याचा त्यांचा निर्णय याच आरंभाशी जोडलेला आहे. त्याच दिवशी त्यांना लोकमान्यांच्या अंत्ययात्रेत सामील व्हावे लागले आणि गिरगाव चौपाटीवर लोटलेल्या प्रचंड जनसमुदायात अंत्यसंस्कार झाले, हा योगायोग आहे. काँग्रेसने असहकाराला मान्यता दिली ती पुढे सप्टेंबरात कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात आणि त्यावर शिक्कामोर्तब झाले ते डिसेंबरात नागपूरला.

अण्णा भाऊ तर आपल्याच वाळवा तालुक्यातले. मुंबईत लोकमान्यांची अंत्ययात्रा निघत होती, त्याच दिवशी वाटेगावच्या मांगवाड्यात तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. फलकावर अनेकदा मोठ्या अक्षरांत एक नाव आणि खाली बारीक अक्षरांत दुसरे, असे दिसते. इस्लामपूरहून वाटेगाव जवळ आहे, म्हणून आपल्याला विनंती करतो, की दोन्ही नावे एकाच आकाराच्या अक्षरांत लिहावीत आणि अण्णा भाऊंच्या नावापुढे गावाचे नाव लिहायला विसरू नये. १९२० मध्ये सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता आणि वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते, म्हणून गावापुढे ‘आता जि. सांगली’ असे लिहावे.